दोन खंजीर आणि एक टोपी

नाणे हाती आले की आपण त्याची किंमत पाहतो आणि ते खिशात टाकतो. पण नाणे वाचताही येते, बरे का! आज आपण प्राचीन रोममधील चांदीचे एक नाणे वाचू या.

या नाण्याला दिनारियस म्हणत. वजन सुमारे ४ ग्रॅम, व्यास २ सेंटिमीटरहून थोडा कमी. त्याच्या मागील बाजूस दोन उभे खंजीर आहेत आणि त्यांच्यामध्ये एक गोल टोपी. खाली 'एइद मार' अशी लॅटिन अक्षरे आहेत. मार्च महिन्याचा मधला दिवस, म्हणजे १५ मार्च, असे सांगणाऱ्या शब्दांचे हे संक्षिप्त रूप.

इ.स.पूर्व ४४ मध्ये याच दिवशी ज्युलियस सीझरचा सिनेटच्या सभेत खून झाला. कटाचे पुढारी होते ब्रूटस आणि कॅशियस. आता चित्राचा अर्थ लागतो. दोन खंजीर या दोघांचे. आणि टोपी? रोममध्ये गुलाम मुक्त झाला की अशी टोपी घाली. म्हणजे नाणे सांगते, "आम्ही रोमला गुलामीतून सोडविले." पुढे अडीचशे वर्षांनी डिओ या इतिहासकारानेही या नाण्याचा हाच अर्थ लिहून ठेवला.

हे सांगायचे होते कोणाला? इ.स.पूर्व ४२ च्या सुमारास ब्रूटस सीझरच्या वारसांशी लढण्याची तयारी करीत होता. सैनिकांच्या पगारासाठी छावणीबरोबर टांकसाळही असे. खालचा ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा, आणि मग हातोड्याचा घाव! ठशावर चित्र खोलगट व उलटे कोरलेले असे, म्हणून नाण्यावर ते उठावदार व सुलटे उमटे. वर्तमानपत्रे नव्हती, पण ब्रूटसचे म्हणणे पगाराबरोबर सैनिकाच्या मुठीत पोहोचे.

आता नाणे उलटा. पुढच्या बाजूस आहे खुद्द ब्रूटसचा चेहरा! जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर घालायचा नाही, अशी रोमची जुनी रीत होती. रोमच्या टांकसाळीत ती मोडली सीझरच्या नाण्यांनी, खुनाच्या थोडेच आधी. सीझर राजा होऊ पाहतो, हाच तर ब्रूटसचा आक्षेप होता. दोन वर्षांत त्याने स्वतःही तेच केले!

त्याच वर्षी फिलिपीच्या लढाईत हरल्यावर ब्रूटसने आत्महत्या केली. पुढे रोममध्ये सम्राट आले आणि नाण्यावर सत्ताधीशाचा चेहरा हीच रीत पडली.

तुमच्या खिशातील नाणेही काढून पाहा. त्यावर कोणते चित्र आहे? तेच का निवडले असेल?