गरोदर बाईला मिश्रीबद्दल विचारा

गरोदरपणात तंबाखू सोडवायची म्हटलं की डोळ्यांपुढे सिगारेट येते. पण पाचगणीच्या आसपास स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत खुरपणाऱ्या एखाद्या गरोदर बाईला "धूम्रपान करता का?" असं विचारलं, तर ती "नाही" म्हणेल आणि ते खरंच असेल. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशात विडी-सिगारेट ओढणाऱ्या बायका २ टक्के, तर धूर न काढता तंबाखू घेणाऱ्या १२.८ टक्के. आपल्या भागात बायकांची ही तंबाखू बरेचदा मिश्रीच असते. तंबाखू तव्यावर काळी पडेस्तोवर भाजायची, कुटून बारीक करायची, डबीत भरायची आणि सकाळी चिमूटभर बोटावर घेऊन हिरड्यांवर घासत बसायचं. घरच्या तव्यावर होणाऱ्या या वस्तूवर ना सरकारी इशारा छापता येतो, ना गुटख्यासारखी बंदी घालता येते. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, गरोदर बाईची पहिली तपासणी होते तिथेच "मिश्री लावता का?" हा प्रश्न सरळ विचारला पाहिजे, आणि तो रागावून विचारता कामा नये.

"मिश्री काही गिळत नाही, थुंकून टाकतो," असं बायका सांगतात. पण निकोटीन हिरड्यांतूनच रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. रक्तवाहिन्या आकसतात, बाळाचा रक्तपुरवठा घटतो. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमोनी यांनी मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत मागोवा घेतला. त्यांतल्या सुमारे १७ टक्के बायका अशी तंबाखू घेत होत्या, बहुतेक जणी मिश्रीच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. दोन वर्षांनी त्याच अभ्यासातून मृत बाळ जन्मण्याचा धोका सुमारे अडीचपट दिसला. यावर कुणी म्हणेल, हा गरिबीचा परिणाम असेल. ती शंका रास्त आहे. म्हणूनच संशोधकांनी आर्थिक स्थिती, शिक्षण यांसारखे घटक हिशेबात धरले होते, आणि तरीही फरक उरला. १०५ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात, पण आधीच अंगाने बारीक असलेल्या आईच्या पोटातल्या बाळाला तेवढी तूटही परवडत नाही.

बायकांचा दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं." ही थाप नव्हे. निकोटीन आतड्यांना चालना देतं आणि ते तुटलं की डोकं दुखतं, चिडचिड होते. गरोदरपणात बद्धकोष्ठ मुळातच वाढतं. अशा बाईला नुसतं "सोडा" म्हणून परत पाठवणं हा अन्यायच आहे. भरपूर पाणी, पालेभाजी, दात घासायला साधी पेस्ट, आणि दोन-तीन आठवडे त्रास होईल पण तो ओसरेल हा धीर, एवढं तरी तिच्या हाती द्यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सांगितलं तेही हेच: दर तपासणीला तंबाखूबद्दल विचारा आणि समुपदेशन द्या. सवय मोडायच्या गोळ्या मात्र गरोदरपणात देऊ नयेत. म्हणजे इथे खरं औषध बोलणं हेच आहे.

हे बोलणं गावातल्या आशा कार्यकर्त्यांना घरीही करता येईल. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे मान्य. पण त्या घरी जातातच, आणि मिश्रीची डबी घरातच असते. बरेचदा ती सासूची असते, त्यामुळे एकट्या सुनेला समजावून भागत नाही. सासूने डबी बाजूला ठेवली तर सुनेचं निम्मं काम होतं. नवऱ्याने घरात विडी ओढणं थांबवणं हाही त्याच कामाचा भाग. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी सासूबाईंनी सुनेसोबत जावं आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तर मिश्रीचा विषय आपणच काढावा.