गैरसोयीच्या वस्तूंचा धडा

बागेतील रोपांना पाणी घालण्याची झारी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या पोटात पाणी असते, एका बाजूस मूठ असते व दुसऱ्या बाजूस लांब तोटी असते. झारी तिरपी केली की पाणी तोटीवाटे रोपाच्या मुळाशी पडते. आता अशी कल्पना करा की, या झारीची तोटी पुढे जाण्याऐवजी वळसा घेऊन मागे आली आहे आणि झारीच्याच तोंडावर टेकली आहे. माळ्याने झारी कितीही तिरपी केली, तरी तोटीतून निघालेले पाणी पुन्हा झारीतच पडावयाचे! रोप तहानलेले राहील आणि माळी मात्र दमून जाईल.

अशी झारी कोणी कशाला रचील, असे कोणालाही वाटेल. परंतु ती खरोखरच रचली गेली आहे, आणि तीही वेडेपणाने नव्हे, तर पुष्कळ विचार करून.

ग्रीस देशाच्या अथेन्स या राजधानीत कातेरिना काम्प्रानी नावाच्या रचनाकार राहतात. त्यांचे शिक्षण वास्तुशास्त्राचे. 2011 साली त्यांनी एक विलक्षण उपक्रम हाती घेतला. त्याचे नाव ‘द अनकम्फर्टेबल’, म्हणजे ‘गैरसोयीचे’. नित्याच्या वापरातील वस्तू घ्यावयाच्या आणि त्या जाणूनबुजून गैरसोयीच्या करावयाच्या, असा हा उपक्रम होय. त्यांच्या पावसाळी बुटांना पुढे बोटांपाशी भोक आहे. त्यामुळे डबक्यात पाय ठेवताच पाणी आत शिरते. त्यांच्या काट्याचा दांडा साखळीचा आहे. तो हातात धरावा तर काटा खाली लोंबू लागतो. त्यांच्या पातेल्याचे दोन्ही कान एकाच बाजूस आहेत. त्यांची छत्री तर काँक्रीटची आहे! यांतील काही वस्तू प्रथम केवळ चित्ररूपाने तयार झाल्या, तर काही पुढे प्रत्यक्ष घडवण्यात आल्या.

ही कल्पना अगदीच नवी नाही. फ्रान्समधील चित्रकार जाक कारेलमन यांनी 1969 साली अशाच अशक्य वस्तूंची एक सचित्र सूची प्रसिद्ध केली. तीत कॉफीची एक किटली आहे. तिची मूठ व तोटी एकाच बाजूस आहेत. ही किटली धरून कॉफी ओतू लागलेला मनुष्य आपलाच हात भाजून घेईल, हे चित्र पाहताक्षणीच कळते. पुढे डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नित्याच्या वस्तूंच्या रचनेविषयी एक ग्रंथ लिहिला. तो 1988 साली प्रसिद्ध झाला. या विषयाच्या अभ्यासात तो महत्त्वाचा मानला जातो आणि ही किटली त्याच्याशी कायमची जोडली गेली आहे.

या गमतीमागे एक गंभीर विचार आहे. चांगल्या वस्तूचा गुण असा की, तो आपल्या लक्षातच येत नाही. चहाचा कप आपण दररोज उचलतो. पण त्याचा कान तेथेच का, त्याची कड पातळ का, त्याचा तळ सपाट का, हा विचार मनात येत नाही. पाय दुखेपर्यंत पायाची आठवण होत नाही, तसेच हे आहे. वस्तू बिघडली म्हणजेच तिच्या घडणीतील शहाणपण दिसू लागते. म्हणूनच रचनाकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही कधी कधी एखादी वस्तू मुद्दाम गैरसोयीची करण्याचा पाठ दिला जातो.

हा पाठ वाटतो तितका सोपा नाही. कप फोडून टाकला तर तो निरुपयोगी होईल, गैरसोयीचा होणार नाही. आणि फोडण्यास बुद्धी लागत नाही. वस्तू पाहताच ओळखू आली पाहिजे. ती घेण्यासाठी हात आपोआप पुढे झाला पाहिजे आणि मग नेमकी एका ठिकाणी अडचण आली पाहिजे. याकरिता विद्यार्थी त्या वस्तूच्या वापराचे लहान लहान टप्पे पाडतो. कप धरणे, उचलणे, ओठांशी नेणे, तिरपा करणे, पिणे, खाली ठेवणे. प्रत्येक टप्प्यावर तो विचारतो : येथे कपाचा कोणता भाग हाताला किंवा ओठांना साहाय्य करतो? मग त्यांतील एकच टप्पा तो बिघडवतो. समजा, त्याने कपाचा कान बाहेर न लावता आत लावला. आता कप धरावयाचा तर बोटे कढत चहात बुडवावी लागतील. कानाचे काम केवळ कप उचलण्याचे नसून हात आणि उष्णता यांत अंतर राखण्याचेही आहे, ही गोष्ट दहा व्याख्याने ऐकून जितकी पटणार नाही, तितकी या एका कपाने पटते.

हीच रीत आपल्याकडील लोट्याला लावून पाहावी. चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकेतील नामांकित रचनाकार दांपत्य. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते या देशात आले आणि 1958 साली त्यांनी आपला अहवाल सादर केला. त्यानंतर 1961 साली अहमदाबाद येथे रचनाकलेची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. या अहवालात त्यांनी भारतातील साध्या लोट्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. लोट्यात पाणी किती मावावे, तो हातात, कमरेवर की डोक्यावर न्यावयाचा, भरलेला असताना व रिकामा असताना त्याचा तोल कसा राहील, तो आतून घासता येईल काय, अशा कितीतरी प्रश्नांचा त्यांनी विचार केला. लोट्याचा गळा फार अरुंद केला, तर आत हात जाणार नाही. काठाचा बाहेरचा वळ काढून टाकला, तर बोटांची पकड सुटेल. तळ फार निमुळता केला, तर लोटा कलंडेल. एकेक गोष्ट बिघडवत गेले म्हणजे ध्यानात येते की, हे भांडे कोणा एकाने एका दिवसात योजलेले नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी ते घडवले आहे.

येथवर गैरसोय हा एक खेळ होता. परंतु जगात अशाही पुष्कळ वस्तू आहेत की, त्या कोणी मुद्दाम बिघडवलेल्या नसूनही कोणाला तरी रोज त्रास देतात. साधी कात्री पाहा. उजव्या हातात ती उत्तम चालते. डावखुऱ्या मुलाने ती डाव्या हातात धरली की तिची पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात, आणि कापावयाची रेघही पात्याआड लपते. कागद वेडावाकडा कापला जातो आणि मुलाला वाटते की, दोष आपल्या हातांचा आहे. वास्तविक दोष कात्रीचा असतो. ती घडवणाऱ्याने डाव्या हाताची आठवण ठेवलेली नसते.

अशी आठवण ठेवली तर काय घडते, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील सॅम फार्बर या व्यावसायिकाच्या पत्नी बेट्सी यांच्या हातांना संधिवात होता. फळांच्या साली काढण्याचे धातूचे बारीक सोलाणे धरताना त्यांना वेदना होत. ते पाहून फार्बर यांनी जाड, मऊ मुठीची स्वयंपाकाची साधने तयार करवली. 1990 साली ती बाजारात आली. दुखऱ्या हातांसाठी योजलेली ती मूठ धडधाकट हातांनाही सोयीची वाटली आणि ही साधने घरोघरी पोहोचली.

याच्या उलट गोष्ट लंडन शहरात घडली. तेथील कॅम्डन भागात 2012 साली काँक्रीटचे एक नवे बाक बसवण्यात आले. त्याचा पृष्ठभाग ठिकठिकाणी उतरता व कोनाकोनाचा आहे. त्यावर घटकाभर बसता येते. पण आडवे होता येत नाही. ही गैरसोय चुकून राहिलेली नाही; ती योजलेली आहे. सार्वजनिक जागेचा गैरवापर होऊ नये, असा त्यामागील हेतू सांगितला गेला. परंतु ज्याला घर नाही, त्याला रात्री पाठ टेकण्यास हे बाक नकार देते, म्हणून अनेकांनी त्यावर टीका केली.

काम्प्रानींची झारी आणि हे बाक, दोन्ही जाणूनबुजून गैरसोयीची आहेत. झारी पाहणारा हसतो व शहाणा होतो, कारण ती वापरण्याची सक्ती कोणावरही नाही. बाकाची गोष्ट वेगळी आहे. ज्याला दुसरी जागा नाही, त्यालाच ते सोसावे लागते. म्हणून कोणतीही वस्तू घडवताना ती कशी दिसेल व किती टिकेल, एवढे पाहून भागत नाही. ती कोणाच्या हातात जाणार आहे, हेही पाहावे लागते. लहान मुलाच्या, वृद्धाच्या, डावखुऱ्याच्या, दुखऱ्या हाताच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून जो विचार करतो, तोच खरा रचनाकार होय. उलट्या तोटीच्या झारीने विद्यार्थ्यांना शिकवावयाचे ते हेच.