केप्लरच्या आठ कला

योहानेस केप्लरला व्हायचं होतं धर्मोपदेशक. ट्युबिंगनला तो धर्मशास्त्र शिकत होता. १५९४मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्सला गणित शिकवायला माणूस हवा होता, तिथे त्याची रवानगी झाली आणि तो आकाशाचा झाला. श्रद्धा मात्र त्याच्यासोबतच गेली. विश्वाच्या गोलात त्याला ख्रिस्ती त्रयी दिसे: मध्यावरचा सूर्य म्हणजे पिता, बाहेरचं तारामंडल म्हणजे पुत्र आणि मधली पोकळी म्हणजे पवित्र आत्मा.

आज ही निव्वळ भाविक कल्पना वाटेल. पण तिच्यातूनच नवा प्रश्न निघाला. कोपर्निकसने सूर्य मध्याजवळ आणला खरा, तरी त्याच्या मांडणीत सूर्य प्रकाश देण्यापलीकडे फारसं काही करत नव्हता. पित्याच्या जागी असलेला सूर्य नुसता बसून कसा राहील? ग्रहांना तोच फिरवत असणार. म्हणून तर दूरचे ग्रह संथ चालतात. ग्रह कसे फिरतात याच्या जोडीला ते का फिरतात, हे केप्लर विचारू लागला. आधी त्याने सूर्यात फिरवणारा आत्मा मानला. पुढे, अंतरानुसार क्षीण होणारी ही शक्ती भौतिकच असली पाहिजे, असं त्याचं मत झालं.

कल्पना सुचण्याच्या या क्षणाचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र मंगळाचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. खगोलनिरीक्षक टायको ब्राहेच्या मंगळाच्या नोंदींशी केप्लरने मांडलेली वर्तुळाकार कक्षा जवळजवळ जुळली होती. फरक उरला आठ कलांचा. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. आठ कला म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीचा पाव भाग. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या निरीक्षणांत दहा कलांची चूक खपून जाई. केप्लरने आठही खपवून घेतल्या नाहीत, आणि कारण दिलं तेही भाविकाचं: टायकोसारखा काटेकोर निरीक्षक ही देवाची देणगी आहे, ती कृतज्ञतेने स्वीकारली पाहिजे. इतक्या मेहनतीने उभारलेली मांडणी त्याने मोडली. १६०९च्या ‘अॅस्ट्रोनॉमिया नोव्हा’त मंगळाची कक्षा लंबवर्तुळ ठरली.

सगळ्याच कल्पना त्याला सोडवल्या नाहीत. सहा ग्रहांच्या गोलांमध्ये पाच सुसम घनाकृती बसतात, ही तरुणपणची कल्पना चुकीची होती, पण तिच्यावरचं त्याचं प्रेम टिकलं. १६१९च्या ‘हार्मोनिसेस मुंडी’त तो ग्रहांचे सूर शोधत होता. त्याच ग्रंथात त्याचा ग्रहगतीचा तिसरा नियम आहे: प्रदक्षिणाकाळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे; त्याचा घन सुमारे १४१. गुरूची एक प्रदक्षिणा आपल्या ११.८६ वर्षांची; तिचा वर्गही सुमारे १४१.