टोनो ब्रत्को वाईट माणूस होता का?

आज बोलायचं आहे ते १९६५ सालच्या एका स्लोव्हाक चित्रपटाबद्दल. 'ओब्खोद ना कोर्झे', म्हणजे आपल्या भाषेत 'हमरस्त्यावरचं दुकान'. दिग्दर्शक दोघे, यान कादार आणि एल्मार क्लोस. याला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, पण ते जाऊ द्या. कादारचे आईवडील आणि बहीण आउशवित्झमध्ये मारले गेले होते, हे मात्र ध्यानात ठेवू.

काळ १९४२चा. स्लोव्हाकिया तेव्हा नावाला स्वतंत्र, प्रत्यक्षात हिटलरच्या छायेत. राष्ट्राध्यक्ष तिसो, कॅथलिक पाद्री! ज्यूंचे धंदे काढून 'आर्य' माणसांच्या हाती द्यायचे, असा कायदाच झाला होता. त्या वर्षी मार्च ते ऑक्टोबर सुमारे ५८,००० ज्यूंना आगगाड्यांत भरून देशाबाहेर धाडलं गेलं. त्यांना नेण्याबद्दल माणशी ५०० मार्क जर्मनीला द्यायचं स्लोव्हाक सरकारनंच कबूल केलं होतं.

आता ही गोष्ट. टोनो ब्रत्को हा गरीब सुतार. त्याचा साडू सत्ताधाऱ्यांच्या ह्लिंका गार्डमधला बडा माणूस. तो टोनोला एका ज्यू विधवेच्या दुकानाचा मालक करून टाकतो. बायको हरखते. पण दुकान कसलं? बटणं, फिती, लेस, आणि तीही संपत आलेली. वर कर्ज. लाउटमानबाई म्हाताऱ्या, कानानं अधू. बाहेर युद्ध चाललंय हेही त्यांना नीट उमगलेलं नाही. त्या समजतात, हा आपल्याला मदतनीस म्हणून आलाय. मग गावातले ज्यू लोक एक तोड काढतात: टोनोनं मालक राहावं, बाईंना काही कळू देऊ नये, त्याबद्दल त्याला दरमहा पगार.

इथं जरा थांबू या. कारण या व्यवस्थेत सगळे सुखी आहेत, नाही का? बाई सुखी, बायको सुखी, टोनोलाही पैसे मिळतात. तो बाईंचं जुनं सामान दुरुस्त करून देतो, त्या त्याला आपल्या दिवंगत नवऱ्याचा सूट देतात. आई-मुलासारखं काहीतरी जमून येतं, आणि आपण प्रेक्षक हसत असतो. वर्गात हा चित्रपट दाखवताना आम्ही मुलांना इथंच विचारायचो, टोनो चांगला माणूस आहे का? सगळे हात वर यायचे. आमचाही आला असता.

हाना आरेंट यांचं आइखमानवरचं पुस्तक १९६३चं. त्यामुळे या चित्रपटाला त्यांची 'विचारहीनता' लावायचा मोह होतो. आम्ही स्वतः बरीच वर्षं तसंच शिकवलं. आता ते चूक वाटतं. आइखमान विचार करत नाही, असं आरेंट म्हणतात. टोनोला मात्र सगळं कळतं, आणि ते त्याला छळतं. त्याचा घोटाळा वेगळा आहे. जोवर चांगुलपणाला किंमत मोजावी लागत नाही, उलट पगारच मिळतो, तोवर तो चांगला आहे. निवड करायची वेळ तो रोज उद्यावर ढकलतो.

तो उद्या येतोच. दुकानासमोरच्या चौकात ज्यूंना गोळा करून नावं पुकारली जातात. टोनो दुकानात दारू पीत बसलाय. कधी बाईंना लपवायला बघतो, तर कधी स्वतःचा जीव वाचवायला त्यांनाच बाहेर ढकलायला. दोन्ही वेळा हात तेच, प्रेमही तेच असावं, म्हणून तर बघवत नाही. शेवटी बाईंना चौकातलं दृश्य दिसतं, कळतं. घाबरलेला टोनो त्यांना लपवायला म्हणून एका खोलीत लोटतो. मागाहून दार उघडतो तेव्हा त्या मेलेल्या असतात. तो गळफास घेतो.

आमचा एक विद्यार्थी म्हणाला होता, "सर, पण त्यानं तर वाचवायलाच ढकललं ना?" त्या दिवशी तास संपला होता, आम्ही उत्तर दिलं नाही. आजही पक्कं उत्तर नाही.

शेवटी मात्र दार पुन्हा उघडतं. लख्ख उन्हात दोघं सजूनधजून, हसत, नाचत रस्त्यानं चालले आहेत. कोर्झो म्हणजे संध्याकाळी गावकऱ्यांनी फेरफटका मारायचा रस्ता. त्या रस्त्यावरून हे दोघं एकत्र चालू शकतात, ते फक्त इथं.