घरातली यंत्रं – भाग ६ : एसीचा आवाज कधी येतो?

उन्हाळा चढला की मेकॅनिकला जाणारा फोन बहुधा याच वाक्याने सुरू होतो : "एसी आवाज करतोय, गॅस संपला असेल." हे वाक्य मला खटकतं, कारण त्यातून घरोघर विनाकारण पैसे जातात. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. तेव्हा गॅसचा विचार जरा बाजूला ठेवा. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हे आधी टिपा.

चालू करताना किंवा बंद केल्यावर काही मिनिटंच येणारे आवाज सहसा निरुपद्रवी असतात. दिवसभर तापलेलं प्लास्टिकचं कव्हर थंड होताना आकसतं आणि कटकट वाजतं. रात्री घर शांत असताना ते फार मोठं वाटतं, इतकंच. एसी बंद केल्यावर ऐकू येणारी सूंऽऽ किंवा खळखळ म्हणजे नळ्यांतला दाब दोन्ही बाजूंना सारखा होत असतो. इन्व्हर्टर एसीचा सूर मध्येच चढतो, मध्येच उतरतो. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो, त्यामुळे हेही ठीकच. एक मजेशीर आवाज मात्र अनेकांना घाबरवतो : इनडोअरमधून हुक्क्यासारखी गुडगुड. खोली घट्ट बंद असेल आणि लगतच्या बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन चालू असेल, तर तो बाहेरची हवा एसीच्या ड्रेन पाइपातून ओढून घेतो, आणि ती पाइपातल्या पाण्यातून बुडबुडत येते. एक्झॉस्ट बंद करा किंवा खिडकी थोडी उघडा. गुडगुड थांबली, तर मेकॅनिकची गरज नाही.

आता आपल्या भागाविषयी. नंदुरबारात दिवाळीपासून होळीपर्यंत बहुतेक एसी बंद असतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत शहराबाहेर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. त्या रस्त्याने जाताना ठसका लागतो, म्हणजे हवेत काय उडतंय ते आपल्या घशाला कळतं. त्यात कापसाचे तंतू, शहादा-तळोद्याकडे उसाच्या पाचटाची काजळी आणि सगळीकडची धूळ. हे सगळं गच्चीवरच्या बंद आउटडोअरच्या बारीक पत्र्यांत जाऊन बसतं. शिवाय बंद यंत्र पाहून पाखरं काड्या आणतात, गांधीलमाश्या पोळं करतात, उंदीर वायर कुरतडतात. मार्चमध्ये रिमोट दाबला की पहिल्याच दिवशी खडखड ऐकू येते, ती बऱ्याचदा पंख्याच्या पात्याला लागणाऱ्या काडीची असते. म्हणून हंगामातली सर्व्हिसिंग एसी लावायच्या आधी करून घ्या, नंतर नको. मेमध्ये मेकॅनिक मिळतही नाही.

आउटडोअर गच्च भरलेलं असेल तर आवाजाची दुसरी जात सुरू होते. खोलीतून ओढलेली उष्णता बाहेर टाकायची, तर आउटडोअरमधला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापलेला असावा लागतो. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो, आणि उन्हातल्या गच्चीवर त्याहून जास्त. अशा वेळी वाट बुजलेला कॉम्प्रेसर जड आवाजात कण्हतो, खूप तापतो, 'टक' करून स्वतःच बंद पडतो आणि निवला की पुन्हा सुरू होतो. दुपारी दोनला असं होत असेल आणि रात्री एसी नीट चालत असेल, तर दोष बहुतेक धुळीचा आणि उन्हाचा असतो. पाण्याने स्वच्छ धुतलेलं आउटडोअर आणि हवा न अडवणारी सावली एवढ्याने फरक पडतो. मागून-पुढून बंद केलेला पत्र्याचा डबा मात्र सावली नव्हे, ती भट्टी होते.

संध्याकाळी सगळ्या गल्लीचे एसी, कूलर एकदम लागले आणि त्याच वेळी तुमचं आउटडोअर पाच-दहा सेकंद घुमून 'टक' करत गप्प बसत असेल, तर व्होल्टेज पाहा. विजेचा दाब कमी पडला की साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीच्या कॉम्प्रेसरला फिरायला जोर मिळत नाही. तो जास्त करंट ओढतो आणि ट्रिप होतो. व्होल्टेज ठीक असूनही हेच होत असेल, तर कपॅसिटर गेलेला असू शकतो. ज्याला मेकॅनिक कधीकधी कंडेन्सरच म्हणतात, तोच हा डबा. उष्णतेने त्याचं आयुष्य घटतं. हा भाग इतर दुरुस्त्यांच्या मानाने स्वस्त आहे, पण वीज बंद केल्यावरही त्यात झटका देण्याइतका भार राहू शकतो, म्हणून घरी हात लावू नका. वीज जाऊन आली तर तीनेक मिनिटं थांबून मगच एसी लावा. स्टेबिलायझरवर पुढचा भाग आहेच.

इनडोअरमधली घरघर आणि वारा कमी होणं ही जोडी दिसली तर जाळी काढून नळाखाली धुवा. जाळी तुंबली की कॉइलवर बर्फ धरतो, मग तो वितळून भिंतीवरून पाणी ओघळतं आणि लोक पुन्हा म्हणतात, गॅस. जाळी स्वच्छ असूनही बर्फ येत असेल, तेव्हा मात्र गॅसची गळती तपासायला सांगणं योग्य.

जे ऐकून क्षणभरही थांबायचं नाही असे आवाज दोनच : ठिणगीसारखी तडतड, विशेषतः जळका वास असेल तर, आणि धातूवर धातू घासल्याची किंचाळी. रिमोट शोधत बसू नका, थेट एमसीबी पाडा.

बाकीचे आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. मेकॅनिक आला की एसी हमखास गुपचूप चालतो. आणि नवा एसी बसवत असाल तर आउटडोअरची जागा ठरवताना जिन्याबाहेरची उघडी भिंत निवडू नका. मे महिन्यात तापलेल्या अँगलवर एक पाय टेकून, एका हाताने खिडकीची जाळी धरून काम करणारा पोरगा मी पाहिला आहे. तो आवाज ऐकणार की तोल सांभाळणार? गच्चीवर, दोन पाय टेकता येतील अशा जागी ते ठेवा, आणि मेकॅनिकला सकाळी आठच्या आत बोलवा.