ब्रेक असूनही उटी

माळशेज चढताना मालमोटार मध्येच बंद पडली, तर क्लीनर पहिल्याने काय करतो? खाली उडी टाकून मागच्या चाकाला धोंडा लावतो. त्याला आपण उटी म्हणतो. आता विमानतळावर उभे असलेले एखादे छोटे टर्बोप्रॉप विमान पाहा, म्हणजे ज्याचा पंखा टर्बाइनच्या जोरावर फिरतो असे. यंत्र कोट्यवधी रुपयांचे. पण त्याच्याही चाकांना मागून-पुढून लाकडाच्या नाहीतर रबराच्या उट्या लावलेल्या दिसतील. विमान उभे ठेवण्यासाठी 'पार्किंग ब्रेक' असतो. मग हा उद्योग कशाला?

जुन्या जीपचा हँडब्रेक आठवा. दांडा ओढला की तार ताणली जाते, दांडा दात्यांत अडकतो आणि तार ताणलेलीच राहते. शिवाय उतारावर गाडी गिअरमध्ये टाकण्याची सोय असतेच. विमानात ती नाही, कारण विमानाच्या इंजिनाचा चाकांशी संबंधच नसतो.

'किंग एअर' या दोन इंजिनांच्या विमानाचे उदाहरण घेऊ. वैमानिकाच्या पायांखालच्या दोन पेडलांचा वरचा भाग चवड्याने दाबला की नळकांड्यातला दट्ट्या तेल पुढे ढकलतो. हे तेल तांबड्या रंगाचे, खनिज तेलापासून केलेले असते. मोटारीचे ब्रेक-तेल त्यात चालत नाही, त्याने रबरी वायसर खराब होतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातील पास्कलचा सिद्धांत. त्यानुसार तो दाब चाकापाशी जातो आणि फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो. पुढच्या लहान चाकाला ब्रेक नसतो.

विमान उभे करताना वैमानिक पेडले दाबून धरतो आणि एक मूठ ओढतो. मुठीने दोन झडपा बंद होतात. आता पाय उचलला तरी तेलाला परतीची वाट नाही. म्हणजे पार्किंग ब्रेक हा निराळा ब्रेक नव्हेच; तो कोंडून ठेवलेला दाब आहे.

नारायणगाव-मंचरकडच्या बागायतदारांना हे समजावून सांगायला नको. मोटर बंद केली तरी चढावरच्या पाइपात पाणी उभे राहते, ते खालच्या झडपेमुळे. (फूट व्हॉल्व्हला आपल्याकडे 'फुटबॉल' म्हणतात, तोच.) झडपेत बारीकसा खडा अडकला की सकाळी पाइप रिकामा! विमानातही झडप किंवा वायसर थोडा झिरपला, की चिमटा हळूहळू सैल होतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

झिरपले नाही, तरी हवामान आहेच. दुपारी उन्हात कोंडलेले तेल पहाटेच्या गारठ्यात आकुंचन पावते आणि दाब उतरतो. उलट पहाटे कोंडलेले तेल उन्हाने प्रसरण पावून दाब नको इतका वाढवते. म्हणून या विमानाच्या पुस्तकात स्पष्ट सूचना आहे, की विमान सोडून जाताना ब्रेक मोकळा ठेवावा आणि उट्या लावाव्यात.

दुसरी खबरदारी उतरल्यानंतरची. घाट उतरून आलेल्या एस.टी.च्या चाकांचा जळका वास आपल्या परिचयाचा आहे. तशाच तापलेल्या तबकड्यांवर चिमटा कोंडून ठेवला, तर उष्णता निघून जात नाही. तबकडी वाकते, तेलही तापते. आणि मूठ ओढलेली असताना आकाशात चुकून पेडल दाबले गेले, तर चाके जखडूनच जमिनीला टेकतात व टायर फुटतात.

सर्वांत जपायचे ते इंजिन चालू करताना. पंखा वेग घेऊ लागला की तो विमानाला पुढे ओढतो, आणि वेगात फिरणारा पंखा डोळ्यांना जवळजवळ दिसेनासा होतो. त्याच्यापुढे माणूस असेल आणि ब्रेक सैल झाला असेल, तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून मूठ ओढलेली असली तरी शहाणा वैमानिक पाय पेडलांवरच ठेवतो.

आपल्याच जिल्ह्यात, पवना धरणाच्या जलाशयावर २०१४ साली जुहूहून आलेले जलविमान उतरले होते. पाण्यावर अर्थातच ब्रेकही नाही आणि उटीही नाही. तेथे होडीसारखा दोर बांधायचा.

जमिनीवर मात्र क्रम ठरलेला. आधी उट्या लागल्याची खात्री, मग पेडलांवर क्षणभर दाब, मूठ आत, आणि तेल परत. त्यानंतर रात्रभर विमान त्या ठोकळ्यांच्या आणि वाऱ्यासाठी बांधलेल्या दोरांच्या भरवशावर उभे असते.