नावाजलेला बोलपट आणि आपला हिरमोड

वाचकहो, नावाजलेली कलाकृती पाहावी आणि ती मनाला भिडू नये, असं पुष्कळांचं होतं. मग आपण एकतर स्वतःच्या रसिकतेवर शंका घेतो, नाहीतर त्या कृतीलाच टाकाऊ ठरवून मोकळे होतो. त्यापेक्षा हिरमोड कशानं झाला, हे शोधणं अधिक बरं. 'व्हाइट ख्रिसमस' हा १९५४ सालचा अमेरिकन संगीतपट उदाहरणादाखल घेऊ. नाताळ आला की तिकडे अनेक घरांत तो आजही आवर्जून पाहिला जातो.

ज्या गाण्यावरून चित्रपटाला नाव मिळालं, ते अर्व्हिंग बर्लिन यांचं गाणं त्याआधीच, १९४२ साली, 'हॉलिडे इन' या चित्रपटातून लोकांसमोर आलं होतं. बिंग क्रॉस्बी यांनी ते गायिलं आणि त्याला ऑस्कर पारितोषिकही मिळालं. दिवस महायुद्धाचे, घरापासून हजारो मैल दूर असलेल्या शिपायांनी ते उचलून धरलं. पुढे बहुधा गाळल्या जाणाऱ्या त्याच्या आरंभात तर कॅलिफोर्नियातल्या लख्ख उन्हात बसून बर्फाची आठवण काढणारा माणूस आहे. म्हणजे पाहा, या गाण्याचा जीव आहे तो बर्फ नसण्यात!

आपण चित्रपटाला जातो ते हीच हुरहूर मनात धरून. आरंभी १९४४ सालच्या आघाडीवर ती भेटतेही. पुढे मात्र व्हर्माँटमधल्या एका हॉटेलात नाचगाण्यांची रांग लागते. व्हिस्टाव्हिजन या नव्या रुंद पडद्याच्या तंत्रातला पॅरामाउंटचा हा पहिलाच चित्रपट. तेव्हा डोळे दिपवण्याची हौस मोठी, आणि कथानक त्या मानानं तोकडं. टेलिफोनवरचं अर्धवट बोलणं कुणीतरी ऐकतं, त्यातून नायिका रुसते. एक सरळ प्रश्न विचारला असता तर मिटलं असतं! गैरसमज देवलांच्या 'संशयकल्लोळा'तही आहे. पण तो फाल्गुनरावांच्या स्वभावातूनच उगवतो, म्हणून त्याचा कंटाळा येत नाही. इथं तो वरून चिकटवलेला वाटतो. आणि शेवटी? स्टुडिओत बर्फ पडतं. ज्याची ओढ लागावी तेच हाती आलं, की ओढ संपली.

पण एक प्रसंग याला अपवाद आहे. सैन्यातून निवृत्त झालेला म्हातारा जनरल आपलं हॉटेल कसंबसं चालवतो आहे. त्याला नकळत जुने शिपाई गोळा होतात, आणि तो आत येताच उठून उभे राहतात. इथं भलेभले गहिवरतात. का? तर गेलेले दिवस काही परत यायचे नाहीत, हे त्या सर्वांना ठाऊक आहे. गाण्यातली हुरहूर इथं पुन्हा सापडते.

तेव्हा मंडळी, सारं जग वाखाणतं म्हणून आपणही मान डोलवायचं कारण नाही. आणि हिरमोड झाला म्हणून पाठ फिरवायचंही नाही. आपण काय शोधत होतो, हे तो हिरमोडच सांगत असतो. त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं.